बाजारची बोली आणि वहीची लिपी

मागील वर्षी जत्रेच्या दिवसांत अंत्रुज महालातील एका देवस्थानी आमचे जाणे झाले होते. दर्शन आटोपून परतीच्या वाटेला लागलो, तो रस्त्याकडेच्या एका किराणा दुकानापुढे एक वृद्ध बाई उभ्या दिसल्या. त्या दुकानातील मुलाला विचारीत होत्या, "बाबा, सोलां आसात?" मुलगा सतरा-अठरा वर्षांचा, दूरच्या प्रांतातून पोटासाठी आलेला. त्याने बाईंकडे पाहिले, मागच्या मांडणीकडे पाहिले आणि नम्रपणे विचारले, "क्या चाहिए, माँजी?" बाईंनी शब्द पालटून पाहिला, "आमसोलां रे, आमसोलां." मुलाने चिंचेचा एक पुडा पुढे केला. बाईंनी मान हलवली व पदर सावरून त्या निघून गेल्या. सोलांची बरणी त्या मुलाच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

येथे कोणी कोणाचा अपमान केला नाही. मुलगा उद्धट नव्हता, बाई रागावल्या नाहीत. तरीही आपल्याच कुलदेवतेच्या दारात, आपल्याच बागायतीत पिकणारी वस्तू, आपल्याच भाषेत मागून मिळाली नाही, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. अशा प्रसंगानंतर चार माणसे जमली म्हणजे दोन तऱ्हेचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणतो, "परप्रांतीयांनी आमची भाषा बुडवली." दुसरा म्हणतो, "व्यापारात भाषा कसली पाहता? पैसा बोलतो." आम्हांस दोन्ही उद्गार उतावीळ वाटतात. दुकानात गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यामध्ये भाषेची भिंत उभी राहणे हे आपल्या भूमीस नवे नाही. गेल्या चारशे वर्षांत ती कधी पडली, कधी उभी राहिली आणि कोणी मुद्दाम उभारली, हे एकवार पाहिले तर आजच्या तक्रारीचा विचार अधिक शांतपणे करता येईल.

प्रथम जुन्या गोव्याच्या बाजाराकडे वळू. यान ह्यूगेन व्हान लिन्शोटेन हा डच गृहस्थ १५८३ साली गोव्यात आला व सुमारे पाच वर्षे येथे राहिला. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने गोवा शहराच्या मुख्य रस्त्यावर भरणाऱ्या एका बाजाराचे वर्णन केले आहे. रविवार व सणवार सोडून रोज सकाळी, उन्हाचा ताप चढण्यापूर्वी, तेथे पुकारा करून मालाची विक्री होई. घोडे, जवाहीर, कापड, मसाले आणि आज वाचताना मान खाली घालावी लागते ती गोष्ट म्हणजे गुलाम माणसेही तेथे विकली जात. पोर्तुगीज, गुजराती, ब्राह्मण, मुसलमान, आर्मेनियन असे नाना देशांचे लोक तेथे जमत. या पुकाऱ्याच्या विक्रीला पोर्तुगीज लोक 'लैलांव' म्हणत. आपल्या मराठीतील 'लिलाव' हा शब्द तोच. आपल्या देवळांत फळाफुलांची व जागांची 'पावणी' होते, ती पद्धत हीच, परंतु शब्द आपला राहिला. एकाच व्यवहाराला एकाच भूमीत दोन भाषांची दोन नावे शेजारी शेजारी नांदत आहेत, हा बाजाराच्या स्वभावाचा पहिला पुरावा होय.

त्या बाजारात कोण कोणाची भाषा शिकला? राज्य पोर्तुगीजांचे होते, तरवार व तारवे त्यांची होती. त्याच सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेश येथील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा नदी ओलांडून अंत्रुजात आल्या, हे वाचकांस सांगावयास नकोच. इतके असूनही शहरातील किरकोळ व्यापार, दलाली आणि कर वसुलीचे मक्ते यांचा मोठा भाग हिंदूंच्या, विशेषतः सारस्वत व्यापाऱ्यांच्या हाती राहिला. याचे कारण राज्यकर्त्यांचे औदार्य नव्हे. गलबतावरून उतरलेल्या माणसाला तांदूळ, तेल, कापड हवे होते. ते ज्याच्याकडे होते तो दोन्हीकडची बोली जाणत होता. पोर्तुगिजांशी पोर्तुगीज, शेतकऱ्याशी कोंकणी, घाटावरच्या सरदाराशी मराठी बोलणारा हा मनुष्य काढून टाकला असता तर राजधानीची चूल पेटली नसती.

पुढे राजसत्तेने ही भिंत हुकुमाने पाडण्याचा एक प्रयत्न केला. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजीराजांच्या सैन्याने गोव्यावर चाल करून पोर्तुगीज सत्तेला हादरा दिला होता. त्या वेळचा व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने त्या धक्क्यातून सावरताच २७ जून १६८४ रोजी एक फर्मान काढले. स्थानिक लोकांनी आपली भाषा टाकून बोलण्यात व व्यवहारात पोर्तुगीज भाषा वापरावी, आणि ती शिकण्यास तीन वर्षांची मुदत, असा त्याचा आशय होता. याच पोर्तुगीज अमलात, केवळ अडुसष्ट वर्षांपूर्वी, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत छापले गेले होते आणि १६४० मध्ये त्यांचेच कोंकणी व्याकरण रायतूर येथे मुद्रित झाले होते. म्हणजे धर्मप्रसारकाला जेव्हा ऐकणारा हवा होता तेव्हा तो आपली भाषा शिकला. ऐकणारा मुठीत आला असे वाटू लागताच त्याची भाषा टाकून देण्याचा हुकूम निघाला. हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे, कारण हाच नियम पुढे दुकानांतही आपणांस दिसणार आहे.

तीन वर्षे उलटली, तीनशे वर्षेही उलटली. कचेरीत पोर्तुगीज राहिली, काही घरांच्या दिवाणखान्यांतही गेली. परंतु म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजारात मिरची, कांदा, सुकी मासळी विकणारी बाई कोंकणीच बोलत राहिली आणि तिच्याकडून जिन्नस घेणाऱ्यास, मग तो कोणीही असो, कोंकणीतच भाव करावा लागला. १८५८ साली कुंञ रिव्हार या पोर्तुगीज विद्वानाने, जो गोवा सरकारचा मुख्य सचिव होता, कोंकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहून या दडपणुकीबद्दल आपल्याच पूर्वजांना बोल लावला. फर्मान बाजाराच्या वेशीपाशी थांबले, याचे कारण साधे आहे. हुकूम देणाऱ्याचा शिपाई कचेरीच्या दारात उभा करता येतो. प्रत्येक टोपलीपाशी कोण उभा करणार?

तथापि भाषा बुडली नाही म्हणजे ती जशीच्या तशी राहिली असे नव्हे. परका माल आला तो आपले नाव घेऊन आला, आणि दुकानदाराने माल ठेवला तेव्हा नावही ठेवून घेतले. पाव, बटाटा, कोबी, पिंप, घमेले, बादली, चावी, पगार हे शब्द आज पुण्यापासून इंदूर-ग्वाल्हेरपर्यंतच्या मराठी घरांत नांदतात. ते सारे या पश्चिम किनाऱ्यावरील देवघेवीतून आत आले. हापूस आंब्याला तर आफोंसो या पोर्तुगीज नावाचेच बिरूद चिकटले आहे. गोव्यात पाव भाजणारा तो पदेर. पावसाळ्यापूर्वी घरोघरी जी बेगमी करून ठेवतात तिला आपण पुरुमेत म्हणतो, तो शब्दही पोर्तुगीजच. उलट दिशेनेही शब्द गेले. आपली खंडी पोर्तुगीज जमाखर्चात 'कांदील' होऊन बसली. या उभय देवघेवीचा साक्षेपी शोध आसगावच्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद यांनी घेतला. पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कसे शिरले यावरील त्यांचा ग्रंथ १९१३ साली, व आशियाई शब्द पोर्तुगिजात कसे गेले याचा कोश १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झाला. ते ग्रंथ चाळताना असे वाटते की ज्या गोष्टी व्याकरणाच्या शाळांनी साधल्या नाहीत त्या दुकानाच्या तराजूने साधल्या.

या तराजूमागे केवढे कष्ट होते याची साक्ष पणजीतील म्हामाय कामत यांच्या घराण्याच्या दप्तरात मिळते. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत या घराण्याचा व्यापार मोठा होता. फ्रेंचांची दलाली, मकावकडे जाणारी अफू असे दूरदेशीचे व्यवहार त्यांच्या पेढीतून चालत. त्या दप्तरात पोर्तुगीज आहे, फ्रेंच आहे, मोडीतील मराठी आहे, कोंकणी आहे, गुजरातीही आहे. एका छपराखाली इतक्या भाषा ठेवण्याची हौस कोणा व्यापाऱ्यास नसते. ज्या ज्या माणसाशी गाठ पडली त्याच्या त्याच्या भाषेत पत्र लिहिले तरच सौदा तुटत नाही, हे त्यांना ठाऊक होते. राज्यकारभारातही तीच गरज होती. पोर्तुगीज सरकारला मराठी दरबाराशी बोलण्यासाठी शेणवी घराण्यांतील दुभाषे पदरी ठेवावे लागले. त्यांचा इतिहास डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ साली प्रसिद्ध केला, तो जिज्ञासूंनी अवश्य पाहावा.

येथवर वाचून कोणास वाटेल की आपला जुना दुकानदार म्हणजे सौजन्याचा पुतळा होता. आम्हांस असे चित्र रंगवावयाचे नाही. कारण बोलीची भिंत पाडणाऱ्या याच हातांनी दुसरी एक भिंत जपून ठेवली होती. ती भिंत आकड्यांची आणि लिपीची.

जनावरांच्या बाजारात दलाल व खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, हे घाटावरच्या वृद्धांनी पाहिलेले आहे. भोवती उभ्या असलेल्या शेतकऱ्यास, ज्याचा बैल विकला जात असे त्यासही, आकडा कळत नसे. व्यापाऱ्यांची 'नंदभाषा' तर तोंडाने बोलूनही गुप्त राहणारी. तीत केवली म्हणजे एक, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. दोन व्यापारी गिऱ्हाइकादेखत आपसांत दर ठरवीत आणि गिऱ्हाईक आपल्याच गावात, आपलीच भाषा बोलणाऱ्यांच्या मध्ये परदेशी होऊन उभा राही. भाषेची अडचण म्हटली की आपण परप्रांतीयाकडे बोट दाखवतो. येथे तर दोन्ही पक्ष एकाच मातीतले होते.

लिपीची गोष्ट याहून गंभीर होती. गोव्यातील हिंदू व्यापाऱ्यांत एके काळी गोंयकानडी अथवा कंदवी नावाची लिपी चाले. पुढे मोडीने तिची जागा घेतली. रोजकीर्द आणि खतावणी मोडीत लिहिली जाई. ही लेखणी भरभर चालावी म्हणून मोडीचा जन्म झाला, कोणाला फसवावे म्हणून नव्हे, हे खरे. परंतु ज्यास अक्षरओळखच नाही त्याच्या दृष्टीने सर्व लिप्या सारख्याच मुक्या. तो दुकानातून मीठ-मिरची उधार नेई. दुकानदार तोंडाने त्याच्याशी गोड कोंकणीत वा मराठीत बोले आणि हाताने वहीत लिही. बोललेले दोघांचे होते. लिहिलेले एकट्याचे होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या वहीस गंधफूल वाहिले जाई, आणि ज्याचे नाव तीत नावे पडले होते तो बाहेर ओट्याशी हात जोडून उभा असे.

याचा परिणाम कोठवर गेला ते घाटावरच्या एका घटनेने दाखवून दिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी उठले व त्यांनी गुजराती वाण्यांच्या दुकानांवर व घरांवर हल्ला केला. 'दख्खनचे दंगे' या नावाने ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. त्या उठावात माणसांच्या जिवावर फारसे कोणी उठले नाही. लोकांचा रोख कागदांवर होता. त्यांनी खते, रोखे व वह्या मागून घेतल्या आणि जाळल्या. सुप्याहून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. कारणे पुष्कळ होती. कापसाचे भाव पडले होते, सारा वाढला होता, न्यायालये सावकाराच्या कागदाला धरून निकाल देत होती. परंतु या सर्वांच्या मुळाशी असलेला संताप हा न वाचता येणाऱ्या कागदाचा होता, असे आम्हांस वाटते. जो कागद वाचता आला असता तो शेतकऱ्याने वाचून भांडला असता. वाचता येत नव्हता म्हणून त्याने जाळला.

सरकारने चौकशी करून १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यातील तरतुदी आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलक्या आहेत. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकाने लिहावे, ते मोठ्याने वाचून दाखवावे, मग सही वा निशाणी घ्यावी. भरलेल्या रकमेची पावती द्यावी. ऋणकोने मागितल्यास हिशेबाचा उतारा व देवघेवीचे पुस्तक त्याच्या हाती द्यावे. थोडक्यात, वहीने तोंड उघडावे, असा या कायद्याचा अर्थ होता. तो पुष्कळदा कागदावरच राहिला हेही खरे. परंतु दुकानातील भाषेचा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, माहिती कोणाच्या हाती आहे याचा आहे, ही गोष्ट त्या कायद्याने एकदाची मान्य केली.

आता या दोन हकिकती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. एकीकडे तोच दुकानदार पाच भाषा शिकतो, दुसरीकडे आपल्याच भाषेच्या गिऱ्हाइकाला अंधारात ठेवतो. असे का? आमच्या मते उत्तर गरजेत आहे. जेथे गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन येतो व त्याला शेजारचे दुकान मोकळे असते, तेथे विक्रेता त्याची भाषा शिकतो. जेथे गिऱ्हाईक उधारीने बांधलेला असतो व त्याला दुसरे दार नसते, तेथे विक्रेत्यास शिकण्याचे कारण उरत नाही. गिऱ्हाइकाच्या मुकेपणातच त्याचा लाभ असतो. धर्मप्रसारकाच्या आणि व्हाइसरॉयच्या गोष्टीतही आपण हेच पाहिले. भाषेची भिंत दोन भाषांमुळे उभी राहत नाही. ती गरज एकतर्फी झाली म्हणजे उभी राहते.

याची उलट बाजू पाहावयाची असेल तर सीमाभागाकडे यावे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी करून १९७१ साली प्रसिद्ध केला. त्या गावात जैन व लिंगायत घरी कानडी बोलत, मुसलमान उर्दू बोलत, दलित समाज मराठी बोले, आणि काही घरे तेलुगू बोलणारी होती. शतकानुशतके एकाच पाणवठ्याच्या, शेताच्या आणि बाजाराच्या संबंधामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतील वाक्य शब्दामागून शब्द बदलीत गेले तर दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार व्हावे. शब्द मात्र प्रत्येकाने आपापले राखले, कारण घरात आपली ओळख शब्दांनी राहते. परस्परांशी व्यवहार करताना ते बहुधा मराठी वापरीत. गावातील वजनदार जमीनमालक घरी कानडी बोलणारे असूनही असे होते. येथे कोणी फर्मान काढले नव्हते. कोणाचे कोणावाचून चालत नव्हते, इतकेच.

बेळगावच्या खडेबाजारात अथवा गणपत गल्लीत ज्यांनी खरेदी केली आहे त्यांना हे नव्याने सांगावे लागत नाही. दुकानदार मराठी सुरू करतो, गिऱ्हाइकाच्या तोंडून कानडी शब्द आला की कानडीवर येतो, आणि 'अण्णा', 'अक्का' ही संबोधने दोन्हींत कामास येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या शहराच्या भाषेवरून सभा झाल्या, मोर्चे निघाले, माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्यातील भावना आम्ही तुच्छ मानीत नाही. परंतु संध्याकाळी सभेहून परतताना त्याच माणसाने शेजारच्या कानडी भाषिक दुकानदाराकडून साखर घेतली, आणि त्या दुकानदाराने ती मराठीत मोजून दिली, हेही त्याच शहराचे सत्य आहे.

गोव्यातील जुन्या पिढीने दुकानात आणखी एक भाषांतर केले, ते नाण्यांचे. सोळा तांग्यांचा रुपया चालत होता. १९५८ साली पोर्तुगीज सरकारने रुपया काढून एस्कुद आणला व एका रुपयास सहा एस्कुद असा दर ठरवला. लोकांच्या तोंडी हे नाव बसते न बसते तोच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला व भारतीय रुपया आला, तोही शंभर नव्या पैशांचा. चार-पाच वर्षांत तीन हिशेब! ज्या बाईला वाचता येत नव्हते तिला हे तिन्ही कोणी शिकवले? शाळेने नव्हे. कोपऱ्यावरच्या पसरकाराने, एकेका नाण्यावर बोट ठेवून, तिच्याच बोलीत शिकवले. त्यात त्याचा स्वार्थ होता, कारण ती उद्या पुन्हा यावयास हवी होती. अशा स्वार्थाला आम्ही नावे ठेवणार नाही. तो दोघांच्या उपयोगाचा होता.

आता आपण पुन्हा त्या देवळाबाहेरच्या दुकानाकडे येऊ. आजची अडचण जुन्या दोन्ही प्रकारांहून निराळी आहे, असे विचारांती दिसून येते. गल्ल्यामागचा मुलगा दुकानाचा मालक नव्हे. बाई उद्या आल्या काय, न आल्या काय, त्याच्या पगारात फरक पडत नाही. मालक दुकानात बसत नाही, त्याला बाई दिसत नाहीत. मोठ्या दुकानांत तर मागणे उरलेच नाही. माल मांडणीवर असतो, नाव इंग्रजीत छापलेले असते, पावती यंत्र देते. बोलण्याची गरज कोणाचीच नाही, म्हणून शिकण्याचे कारणही कोणास नाही. ज्याला डोळ्यांनी वाचता येते त्याचे भागते. ज्यांचा आधार तोंडच्या शब्दाचा होता, ती वृद्ध माणसे, निरक्षर माणसे, तेवढी मागे राहतात. किराण्याच्या दुकानात त्यांना सोलांऐवजी चिंच मिळेल, फार तर आमटीची चव बदलेल. परंतु औषधाच्या दुकानात 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांतला भेद कळला नाही तर प्रकृतीवर बेतेल. म्हणून हा प्रश्न केवळ अस्मितेचा मानू नये.

यावर कायद्याचा उपाय सुचवला जातो. महाराष्ट्राने २०२२ साली लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाट्या सक्तीच्या केल्या. कर्नाटकाने २०२४ साली पाटीचा साठ टक्के भाग कानडीत असावा असे ठरवले. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा झाली व मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. हे कायदे करणाऱ्यांचा हेतू आम्हांस समजतो. पाटीवर आपली लिपी दिसली म्हणजे मनाला आधार वाटतो, हेही खरे. तथापि पाटी दुकानाच्या बाहेर असते. आत गेल्यावर काय होते हे पाटी ठरवीत नाही. १६८४ च्या फर्मानाच्या उलट हेतूने काढलेले फर्मान असले तरी त्याचीही मर्यादा तीच आहे.

मग करावे काय? आमच्या अल्प बुद्धीस जे सुचते ते सांगतो. त्या मुलावर रागावण्यात अर्थ नाही. आपली मुलेही कराचीला, मोझांबिकला, लिस्बनला आणि आखाती देशांत गेली. तेथे ती दुकानांत उभी राहिली तेव्हा त्यांनाही गिऱ्हाइकाचा शब्द कळत नव्हता. कोणीतरी वस्तू हातात धरून नाव सांगितले, म्हणून ती शिकली. अडाणीपणाचा दोष शिकू पाहणाऱ्यावर ठेवता येत नाही, ज्याने शिकवावयाचे त्याने शिकवले नाही तर त्याच्यावर येतो. येथे ते काम मालकाचे आहे. नोकर ठेवताना त्याला माल कोठे आहे हे दाखवतात, दर पाठ करून घेतात. त्याबरोबर सोलां, गोड, मीठ, मिरसांग, नाल्ल असे चाळीस-पन्नास शब्द आणि दहापर्यंतचे आकडे शिकवण्यास एक आठवडा पुरे. आमच्या पूर्वजांनी गलबतावरच्या खलाशासाठी याहून अधिक केले होते.

देवस्थानांच्या महाजनांसही आमची एक विनंती आहे. देवळाच्या आवारातील दुकानांची पावणी होते तेव्हा किती रक्कम येते हे पाहिले जाते, आणि ते पाहिलेच पाहिजे. परंतु आपल्याकडे येणारे कुळावी कारवार, मंगळूर, कोची, मुंबई, बेळगाव येथून येतात. कोणी कोंकणी बोलतो, कोणी मराठी, कोणी कानडी वा मल्याळम. देव सर्वांचे ऐकतो, पण फुलवाल्यालाही थोडे ऐकू यावे. दुकान घेणाऱ्याने इथल्या दोन्ही भाषा जाणणारे एक तरी माणूस ठेवावे, अशी अट घालणे महाजनांच्या हाती आहे. त्यास कोणत्याही कायद्याची गरज नाही.

आणि शेवटी आपण गिऱ्हाइकांनी काय करावे? त्या दिवशी आम्ही स्वतः काय केले ते लपवीत नाही. बाई निघून गेल्या तोवर आम्ही उभे राहून पाहत होतो. मनात संताप होता, म्हणून मध्ये पडलो नाही. नंतर लाज वाटली. आम्हांस दोन्ही भाषा येत होत्या आणि दोन शब्दांत काम झाले असते. आम्ही दुकानात गेलो, बरणीकडे बोट दाखवले व मुलास म्हटले, "याला सोलां म्हणतात." त्याने तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, पुडा बांधून दिला आणि विचारले की खोबरेलाला काय म्हणतात. आम्ही सांगितले. पुडा घेऊन बाहेर आलो तेव्हा बाई वळणापलीकडे गेल्या होत्या. त्यांना गाठता आले नाही. पुढल्या वेळी त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही, एवढीच आशा.